गंजिफा, संगणक आणि खेळाचे निमित्त

गणेशचतुर्थीच्या किंवा दिवाळीच्या आगेमागे मध्यम स्थितीतील अनेक कुटुंबांत अलीकडे एक वाद हटकून उपस्थित होतो. घरात पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक असतो. त्यावर नवे खेळ चालत नाहीत, आणि चाललेच तर अडखळत चालतात. अशा वेळी त्याच संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड आणि अधिक रॅम घालून त्यास पुन्हा तरुण करावे, की दूरचित्रवाणीस जोडावयाचे स्वतंत्र खेळयंत्र, ज्यास बाजारात कन्सोल म्हणतात, ते विकत आणावे, असा हा वाद असतो. रक्कम लहान नसते. कित्येक घरांत ती महिन्याच्या प्राप्तीहून अधिक भरते. मुले यंत्राच्या शक्तीचे दाखले देतात, वडील आकडे मांडतात, आणि बहुधा ज्या पक्षास ‘अभ्यास’ हा शब्द उच्चारता येतो तो पक्ष जिंकतो. संगणकावर अभ्यासही होईल, असे म्हटले की कन्सोलच्या बाजूने बोलणाऱ्याजवळ उत्तर उरत नाही.

हा वाद नव्या वस्तूंविषयीचा असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास मुळीच नवा नाही. खेळावर पैसा आणि वेळ खर्च करावयाचा, तर त्यास खेळाबाहेरचे काही निमित्त दाखवावे, ही आपल्या समाजाची फार जुनी अट आहे. ती अट पुरी करताना खेळांनी कोणकोणती रूपे घेतली आणि त्यांतून काय साधले व काय बिघडले, हे सावंतवाडीच्या चितार आळीपासून पाहत आले म्हणजे आजच्या वादात नेमके काय पणास लागले आहे ते स्पष्ट दिसू लागते.

गंजिफा हा खेळ मूळचा येथला नव्हे. बाबराने आपल्या आत्मवृत्तात इ. स. १५२७ च्या नोंदीत सिंधच्या शाह हसनास, त्यास आवड होती म्हणून, गंजिफा पाठविल्याचे लिहिले आहे. पुढे अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने ‘आईन-इ-अकबरी’त या खेळाचे सविस्तर वर्णन केले. मोगली गंजिफेत आठ रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, अशी ९६ पाने असत. त्या रंगांची नावे वाचली तरी खेळ कोणाचा हे समजते: ताज, समशेर, गुलाम, सोन्याचे नाणे, रुप्याचे नाणे, बरात, किमाश आणि चंग. राजमुकुट, तरवार, चाकर, खजिना, कागदपत्र, माल आणि वाद्य, असा सगळा दरबारच त्या पानांत उतरला आहे. खेळणारास त्यात कोणतीही लाज वाटत नव्हती. तो बादशाही करमणुकीचा भाग होता आणि तसाच तो खेळला जाई.

हाच खेळ हिंदू घरांत शिरला तेव्हा मात्र त्याने वेष पालटला. आठ रंगांचे दहा झाले आणि ९६ पानांची १२० झाली. ताज आणि समशेर गेले, त्यांच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की आले. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहिल्यापर्यंत दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासोळ्या, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. खेळ साधारणपणे तिघांचा. प्रत्येकाच्या वाट्यास ४० पाने येत. यात हुकूम नाही. पाच रंगांत दहिला मोठा व एक्का लहान, तर उरलेल्या पाचांत नेमके उलट. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याने उतारी करावी, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाने आरंभ व्हावा. कोणती पाने पडून गेली आणि कोणती राहिली हे ध्यानात ठेवणे, हेच त्यातले मुख्य कौशल्य होय. पान टाकताना देवाचे नाव मुखी येते, तेवढेच नामस्मरण घडते, असे या खेळाचे समर्थन केले जाई. येणेप्रमाणे करमणुकीस देवाचा परवाना मिळाला.

याच मुलखात रात्ररात्र चालणारा दशावतारी खेळ पाहिला, तर तेथेही हीच योजना आढळते. देवळाच्या जत्रेत आरंभी गणपती येतो, रिद्धिसिद्धि येतात, सरस्वती येते, मग संकासुर मालवणी बोलीत हंशा पिकवितो, आणि त्यानंतर आख्यान रंगते. देवाच्या नावाने आरंभ झाला म्हणजे पुढच्या हास्यविनोदास, लढायांस व राजवेषांच्या थाटास मोकळीक मिळते. लोक त्यास नाटक म्हणतात, तसेच सरळ ‘खेळ’ही म्हणतात. येथे कोणी ढोंग करीत होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. भक्तीही खरी होती आणि मौजही खरी होती; फक्त मौजेने भक्तीचे बोट धरून घरात यावे, असा रिवाज होता.

सावंतवाडी संस्थानात तिसरे खेमसावंत यांच्या दीर्घ कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, लाखकामास आणि चित्रकामास आश्रय मिळाला असे मानतात. चितारी मंडळी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे व खेळणी करीत, देवघरांचे पाट आणि चौरंग रंगवीत, तशीच गंजिफाही करीत. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांस चिकटवावयाचे, ते घोटून ताठ करावयाचे, त्यांतून वाटोळ्या चकत्या कापावयाच्या, त्यांवर रंगाचा हात द्यावयाचा, बारीक कुंचल्याने चित्र काढावयाचे आणि वरून लाखेचा लेप द्यावयाचा, अशी ती कृती. १२० पानांचा एक संच म्हणजे कित्येक दिवसांचे काम. तो रंगीत लाकडी पेटीत घालून ठेवीत. या मालाच्या दरबारी आणि बाजारी अशा दोन प्रती असत, तेव्हा श्रीमंत आणि सामान्य दोघांचीही सोय होई. एखादे पान हरवले किंवा झिजले तर चितारी तेवढेच पान नव्याने रंगवून देऊ शके. संच जुना होई, पण टाकून देण्याची वेळ सहसा येत नसे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ज्याचे सुटे भाग बदलता येतात असे ते खेळयंत्र होते.

एकोणिसाव्या शतकात या गंजिफेस एक प्रतिस्पर्धी भेटला. १८३१ मध्ये इंग्लंडात टॉमस द ला रू याने रंगीत पत्ते छापण्याच्या आपल्या पद्धतीचे पेटंट मिळविले, आणि यंत्रावर छापलेले, एकसारखे, स्वस्त पत्ते जगभर पसरण्याचा मार्ग मोकळा झाला. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर या चार रंगांच्या ५२ पानांत देवाचे नाव नाही, चित्रकाराचा हात नाही आणि दुरुस्तीची सोयही नाही. एक पान हरवले की सगळा जोड फुकट. शिष्ट समाजाने त्यांचा आदरही केला नाही. मराठीत पत्त्यांच्या वाट्यास जे क्रियापद आले ते ‘कुटणे’ हे. पत्ते कुटणारा म्हणजे रिकामटेकडा, असा अर्थ रूढ झाला. असे असूनही घरोघर विजय याच पत्त्यांचा झाला.

याची कारणे विचार करण्यासारखी आहेत. स्वस्ताई हे एक कारण खरे, परंतु तेवढेच नव्हे. ५२ पानांच्या जोडात असंख्य खेळ मावतात. लहान मुलांचा झब्बू, घरातल्या सर्वांचे बदामसात, तिघांचे पाच-तीन-दोन, चौघांचे मेंढीकोट, क्लबातला ब्रिज आणि रेल्वेच्या डब्यातली रमी, हे सारे त्याच पानांवर चालते. गंजिफेचे नियम शिकण्यास चिकाटी लागते, आणि शिकूनही जोडीस तसेच दोघे मिळावे लागतात. शेजारच्या घरी छापील पत्ते आले, मुंबईच्या चाळीत तेच, शाळेच्या सहलीत तेच. मग आपल्या पेटीतील सुंदर संचाशी खेळणार कोण? खेळाचे साधन कितीही उत्तम असो, जोडीदार संपले की ते साधन मुके होते. गंजिफेस देवाचे निमित्त होते, कारागिरी होती, दुरुस्तीची सोय होती. तिच्याजवळ खेळगडी तेवढे उरले नाहीत.

त्यानंतरची हकीकत सुखदुःखाची मिश्र आहे. १९७१ च्या सुमारास सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी या कलेच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले, तेव्हा गंजिफा करण्याची रीत जाणणारा एकच वृद्ध चितारी उरला होता. त्याजपासून ती विद्या शिकून घेण्यात आली, राणीसाहेबांनी स्वतः कुंचला हाती धरला, आणि राजवाड्यात तरुण कारागिरांची नवी पिढी तयार झाली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकनही मिळाले. कला वाचली, याबद्दल आपण सर्वांनी कृतज्ञ असले पाहिजे. तथापि आज जो मनुष्य ती पेटी विकत घेतो तो बहुतेक वेळा ती दिवाणखान्यात मांडण्यासाठी किंवा भेट देण्यासाठी घेतो. डाव मांडणारे विरळा. ज्या निमित्ताने खेळास आधार दिला ते निमित्त शिल्लक राहिले, उलट अधिक प्रतिष्ठित झाले. आणि खेळ तेवढा निघून गेला.

आता दुसऱ्या युगाकडे वळू. नोव्हेंबर १९८४ मध्ये भारत सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीचे निर्बंध सैल केले. त्याच सुमारास निवडक २५० शाळांत संगणक-साक्षरतेची ‘क्लास’ ही योजना सुरू झाली आणि त्या शाळांत इंग्लंडहून आलेले बीबीसी मायक्रो संगणक मांडले गेले. एकविसाव्या शतकाची चाहूल म्हणून संगणकाचे नाव घरोघर पोहोचले ते या दिवसांत. १९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या स्पेक्ट्रम प्लस या छोट्या संगणकाची परवान्याने केलेली आवृत्ती बाजारात आणली. त्याची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. पडदा म्हणून घरचीच दूरचित्रवाणी, आणि साठवणीसाठी साधा कॅसेट-रेकॉर्डर. एक खेळ कॅसेटवरून चढविण्यास कित्येक मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ त्यातून किंचाळल्यासारखा आवाज येत राही.

हे यंत्र विकत घेताना वडिलांनी मुलास काय बजावले असेल, हे सांगण्यास इतिहासकाराची गरज नाही. ते अभ्यासासाठी होते. मुलाने ते बहुतांशी खेळासाठी वापरले, हेही उघड आहे. परंतु येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण ती निमित्ताच्या बाजूची आहे. स्पेक्ट्रम सुरू केला की पडद्यावर बेसिक भाषेची वाट पाहणारी ओळ उभी राही. खेळ चढविण्यासाठीसुद्धा एक आज्ञा लिहावी लागे. मासिकांतून छापलेल्या आज्ञावल्या टंकित करून पाहाव्या, चूक सापडली की शोधावी, आकडा बदलून खेळातील नायकास अधिक आयुष्य द्यावे, अशा खटपटींतून कित्येक मुले प्रोग्रामिंग शिकली. इंग्लंडात तर अशाच घरगुती संगणकांवर शिकलेल्या पोरांनी खेळांचा एक उद्योगच उभा केला. म्हणजे निमित्त म्हणून सांगितलेली गोष्ट कधी कधी खरी ठरते. मात्र ती खरी ठरण्यास यंत्राने आपले पोट मुलासमोर उघडे करावे लागते, आणि मुलानेही त्यात हात घालावा लागतो.

खेळयंत्रांची कथा याच्या अगदी उलट. ती आपल्याकडे निमित्तावाचून आली. १९९० नंतरच्या दशकात ‘लिटल मास्टर’ यासारख्या नावांची, जपानी निन्टेन्डोच्या नकलेवर बेतलेली स्वस्त खेळयंत्रे दुकानांत दिसू लागली. कोकणातील घरांचा मुंबईशी असलेला संबंध लक्षात घेतला, म्हणजे ती गावोगाव कशी पोहोचली हे समजते. गणपतीस गावी येणारा चाकरमानी जसा कपडे आणि मिठाई आणी, तसाच तो मुलांसाठी शहरातील नवलाईची वस्तूही आणी. त्या यंत्रात खेळाखेरीज काहीच होत नसे. खाचेत काडतूस बसवावे, खटका दाबावा आणि दोघांनी दोन हातयंत्रे घेऊन बसावे. दूरचित्रवाणी माजघरात किंवा ओटीवर असल्यामुळे खेळ सर्वांच्या देखत चाले; हरणाऱ्यावर हसणारे मागे पाच-सात जण असत. वडीलधाऱ्यांनी या यंत्रास कधी मान दिला नाही. ‘परीक्षा झाल्यावर’ हा त्याचा कायमचा मुहूर्त ठरला, आणि जून महिन्यात ते कपाटाच्या वरच्या फळीवर गेले.

समाजाची ही दृष्टी सरकारच्या करपत्रकांतही उतरलेली दिसते. जपानच्या सेगा कंपनीने आपले मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी करार करून भारतात आणले. ८० टक्के आयातकर चुकविता यावा हा त्या करारामागील हेतू होता; तरीही किंमत १८,००० रुपये ठरली. त्या काळी ही रक्कम मध्यम वर्गाच्या आवाक्याबाहेरची होती. उलट संगणकाचा मार्ग राज्यसत्तेने झाडून स्वच्छ केला. माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आयातकर उठविण्याचा जागतिक करार १९९६ मध्ये झाला, भारत त्यात १९९७ मध्ये सामील झाला, आणि २००५ पर्यंत संगणक व त्याचे बहुतेक भाग करमुक्त झाले. त्या यादीत खेळयंत्रे नव्हती. २०१५ मध्ये यादी वाढवून त्यांचा समावेश झाला, तेव्हा भारत त्या वाढीव करारात गेला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, त्यात संगणकास १८ टक्के आणि खेळयंत्रास चैनीच्या वस्तूंबरोबर २८ टक्के असा भेद होता. डिसेंबर २०१८ च्या परिषदेत तो दर कमी करून १८ वर आणण्यात आला. आपण घरात बसून जो निर्णय स्वतःच्या बुद्धीने घेतला असे समजतो, त्याचे पारडे वीस वर्षे असे सरकारी तागडीत झुकविलेले होते.

इकडे महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्याला पोहोचला. शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले. त्यामुळे संगणक ही नोकरीची किल्ली आहे, ही समजूत खेडोपाडी दृढ झाली. १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा मोठ्या कारखान्यांचा नव्हे. शिकलेल्या मुलाने मुंबई, पुणे किंवा गोवा गाठावयाचे, ही येथील रीत. अशा ठिकाणी संगणकावर खर्च केलेला रुपया भविष्यात पेरला असे वाटणे स्वाभाविक होते, आणि त्यात तथ्यही होते. खेळयंत्रावरचा रुपया मात्र गेला तो गेलाच.

हा सारा वारसा घेऊन आजचे कुटुंब निर्णयास बसते. तेव्हा दोन्ही पक्षांचे खरे गुणदोष निमित्त बाजूस ठेवून पाहू.

संगणकाची सुधारणा ही कोकणी घराच्या शाकारणीसारखी आहे. पावसापूर्वी कौले परतावयास माणूस वर चढतो तो चार फुटकी कौले बदलण्यासाठी. वर गेल्यावर रीप कुजलेली दिसते, रीप काढली की वासा वाळवीने खाल्लेला आढळतो. नवे ग्राफिक्स कार्ड आणले तर जुना वीजपुरवठ्याचा डबा त्यास पुरत नाही. तो बदलला तर प्रोसेसर मागे पडतो. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डात बसत नाही. तरीही घर आपले असते, आणि टप्प्याटप्प्याने, हातात पैसा येईल तसे, दुरुस्त करता येते. बाजाराची लहर मात्र सोसावी लागते: २०२१ मध्ये आभासी चलनाच्या खाणकामामुळे आणि चिपांच्या टंचाईमुळे ग्राफिक्स कार्डे दुप्पट किमतीसही मिळेनाशी झाली होती. शिवाय काही घरे शाकारण्यापलीकडे जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ साठी जी सुरक्षा-चिप व जो प्रोसेसर लागतो तो नसलेले असंख्य संगणक, एरवी धडधाकट असूनही, मागे राहिले.

कन्सोलचा व्यवहार निराळा. तो बांधलेला, रंगविलेला, किल्लीसह मिळणारा गाळा आहे. भिंत हलविता येत नाही, पण सात वर्षे छप्पर गळत नाही. सोनीच्या यंत्रांचे सन पाहिले तर १९९४, २०००, २००६, २०१३ आणि २०२० असे आहेत, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांची एक पिढी. तेवढा काळ प्रत्येक नवा खेळ त्याच यंत्रासाठी बेतला जातो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले ते ४९,९९० रुपयांस. तबकडीची खाच नसलेले ३९,९९० रुपयांस. या मानाने यंत्र स्वस्त वाटते, याचे कारण निर्माते आपला नफा पुष्कळसा खेळांच्या विक्रीतून काढतात. त्या कंपनीचे मोठे नवे खेळ आपल्याकडे ४,९९९ रुपयांपर्यंत विकले गेले. असे सहा खेळ घेतले की मूळ रकमेत तीस हजारांची भर पडते. संगणकावर हेच खेळ काही काळाने बऱ्याच सवलतीत मिळतात. उलट तबकडीचे खेळ एकमेकांस वाचावयास द्यावयाच्या पुस्तकांसारखे मित्रांत फिरविता येतात, आणि खेळून झाल्यावर विकताही येतात. संगणकावरील खेळास ही सोय नाही. ज्या गावात पन्नास-शंभर गिगाबाइटांचा खेळ उतरवून घेण्यास जाळे अपुरे पडते तेथे तबकडीचे मोल आणखी वाढते. तेव्हा दहा हजार वाचविण्यासाठी खाच नसलेले यंत्र घ्यावे की नाही, याचा विचार खेड्यातील मनुष्याने दोनदा करावा.

यास किनाऱ्याची परिस्थिती जोडली पाहिजे. समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांचा ओलावा धातूस खातो. मालवण-वेंगुर्ल्याकडील खिडक्यांच्या गजांकडे पाहिले तरी याची खात्री पटते. संगणक काय किंवा कन्सोल काय, दोन्ही यंत्रे पंख्याने हाच वारा पोटात ओढून घेतात. संगणकाचे झाकण उघडून तो साफ करता येतो, आणि एखादा भाग गेला तर तेवढाच भाग कुडाळ-कणकवलीच्या बाजारात मिळू शकतो. कन्सोलचा मुख्य फलक बिघडला तर यंत्र शहरातील सेवाकेंद्रात पाठवावे लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या जिल्ह्यातील कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात ठेवली. अशा मुलखात विजेच्या लपंडावापासून रक्षण करणारे साधन घेणे, हा दोन्ही पक्षांच्या हिशेबात न लिहिलेला, पण अटळ असा खर्च होय.

एवढे सर्व मांडूनही निर्णय यंत्राच्या गुणांवर होत नाही, असे इतिहास सांगतो. गंजिफा गुणांत उणी नव्हती. खरे प्रश्न दोन आहेत. घरात खेळ हवा आहे काय, आणि तो कोणी कोणाशी खेळावयाचा आहे? संगणक बहुधा कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून असतो. त्यापुढे खुर्ची एक, आणि ती वडील मुलाची. अभ्यासाच्या निमित्ताने आलेल्या यंत्रावर धाकट्या बहिणीचा हक्क आपोआप कमी होतो, आणि आजोबांचा तर प्रश्नच नसतो. कन्सोल दिवाणखान्यात येतो, तेथे दोन हातयंत्रे असली की दोघे बसतात, आणि बसलेल्यांपैकी कोणासही पाळी मागता येते. त्यावरही एकट्याने तासन् तास बसता येते, हे खरे; तरी निदान दार उघडे असते. उलट ज्या घरात मुलास चित्र, ध्वनी किंवा आज्ञावली यांत खरोखरीच रस आहे, जेथे तो यंत्राचे झाकण स्वतः उघडतो, तेथे संगणकाच्या सुधारणेवरचा खर्च व्यर्थ जाणार नाही. तेथे अभ्यास हे निमित्त राहत नाही. ते खरेच काम असते.

चिंतेची जागा आहे ती या दोहोंच्या मधली. खेळ हवा असतो पण तसे म्हणण्याचे धैर्य नसते, म्हणून अभ्यासाच्या नावावर संगणकाची महाग सुधारणा केली जाते. मग मुलगा खेळला की ‘याचसाठी घेतला काय?’ असा प्रश्न येतो, आणि न खेळला तर पैसे वाया गेले असे वाटते. मुलास खेळताना चोरी वाटते आणि अभ्यास करताना सक्ती. एकाच वस्तूवर दोन खाती लिहिली की दोन्ही खात्यांत तूट येते, हे व्यापाऱ्याच्या पोरासही कळते. ही दोन खाती निराळी लिहावी. अभ्यासापुरता जुना संगणक बहुधा थोडक्या खर्चात चालण्याजोगा करता येतो. खेळासाठी किती पैसा आणि दिवसाचे किती तास द्यावयाचे, ते खेळाच्या नावानेच ठरवावे. मग ती रक्कम कन्सोलवर जावो, संगणकावर जावो, किंवा काहीच न घेता बावन पानांच्या जोडावर भागो.

आपल्या पूर्वजांनी खेळास देवाच्या हाती सोपविले, आपण त्यास परीक्षेच्या हाती सोपविले. देव तरी उदार होता. रात्रभर डाव चालला तरी कृष्णाच्या राजाने उतारी करू दिली. परीक्षा तशी उदार नाही. सावंतवाडीच्या काचेच्या कपाटांतून ती वाटोळी, लाखेने चमकणारी पाने आज सर्वांच्या आदरास पात्र झाली आहेत, परंतु त्यांच्याशी खेळण्याचे मनुष्य विसरला. घरातील खेळास तशी प्रतिष्ठा मिळण्यापेक्षा जुन्या, ओरखडलेल्या हातयंत्रावरून दोन भावंडांनी संध्याकाळी भांडावे, हे कुटुंबास अधिक हितकारक आहे.